बॅट टाक!

चीफना हळू बोलता येत नसे. प्रयत्न ते प्रामाणिकपणे करीत. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कोपराने ढोसलं की आवाज उतरवीत; पण तो उतरवलेला आवाजसुद्धा सिंगापुरातल्या पासिर रिसच्या आमच्या ब्लॉकमध्ये वरखालच्या मजल्यांवर सहज पोचे. एमआरटीच्या मेट्रोत माझ्या शेजारी उभे राहून, गुपित सांगावं तसं ते म्हणत, "पुणेकर, हा समोरचा आता झोपेत पडणार बघ." समोरचा चिनी तरुण दचकून जागा होई आणि आपलं काय चुकलं ते शोधू लागे. "इंजिनरूममध्ये कुजबुजणारा माणूस उपाशी मरतो," हे त्यावरचं त्यांचं स्पष्टीकरण. त्यांच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये एक वयस्क चिनी बाई राहत. सगळा ब्लॉक त्यांना आंटी म्हणायचा. आंटींना मराठीतले दोनच शब्द येत होते, आणि ते चीफनी त्यांना शिकवले नव्हते, नुसते वर्षभर ऐकवले होते. लिफ्टमध्ये मी दिसलो की त्या बोळकं पसरून म्हणत, "बॅट टाक!"

चीफ गुहागरकडचे. उभी हयात मालवाहू जहाजांवर गेली, त्यातली बरीच वर्षं चीफ इंजिनियर म्हणून. म्हणून ते 'चीफ'. नाव-आडनाव होतंच, पण ते फक्त त्यांच्या टपालपेटीला माहीत. आमची ओळख झाली तेव्हा, म्हणजे दोन हजार बाराच्या आसपास, ते किनाऱ्यावरच्या नोकरीत होते. बंदरात येणाऱ्या जहाजांची इंजिनं तपासायची, दुरुस्त्या करून घ्यायच्या. समुद्र का सोडला असं विचारलं तर म्हणत, "कंटाळा आला रे. सगळीकडे पाणीच पाणी." आम्ही हसायचो आणि त्यावर विश्वास ठेवायचो. आम्ही म्हणजे चांगी बिझनेस पार्कातल्या बँकांमध्ये कॉम्प्युटरसमोर बसून पोट वाढवणारी पुण्या-मुंबईची मंडळी.

तेव्हा आम्हाला क्रिकेट खेळायचं होतं आणि मैदान मिळत नव्हतं. रविवारी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत जमून आम्ही याच दुःखावर चहा प्यायचो. मैदानं कमी, बुकिंग मिळत नाही, मिळालं तर पिच नाही. एका रविवारी चीफ भाजीची पिशवी घेऊन जाता जाता थांबले, उभ्या उभ्या आमची सगळी रड ऐकून घेतली आणि म्हणाले, "अंगण वाकडं आहे ना? मग वाकडं नाचा." जवळच्या शाळेचं सॉफ्टबॉलचं मैदान रविवारी दुपारी मोकळं असे आणि तिथे निरनिराळ्या कचेऱ्यांच्या संघांची लीग चाले. पुढच्या आठवड्यात आमचं नाव त्या लीगमध्ये घालून ते मोकळे झाले. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचा धाकटा भाऊ. चेंडू मोठा, अंगण लहान, आणि खरोखरच वाकडं, शंकरपाळ्याच्या आकाराचं. चेंडू मारून कोपऱ्याकोपऱ्यावरचे तीन बेस गाठत परत मारायच्या जागी, म्हणजे 'घरी', आलं की एक धाव. आमच्यापैकी एकानेही तो कधी खेळलेला नव्हता.

चीफ तरी कुठे खेळले होते? त्यांना हा खेळ माहीत होता तो ऐकून. तरुणपणी एकदा त्यांचं जहाज अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांकाठच्या एका लहान बंदरात इंजिन बिघडून अडकून पडलं होतं. सुटा भाग यायचा होता. धक्क्यावर एक म्हातारा वॉचमन होता. त्याचा बाप त्या गावच्या व्यावसायिक बेसबॉल संघात होता, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. संध्याकाळी चीफ धक्क्यावर बसत आणि म्हातारा त्यांना त्या संघाच्या एका मोसमाची गोष्ट सांगे, रोज एक सामना. मोसम वाईट चालला होता. चांगले खेळाडू मोठ्या संघांनी उचलून नेले, प्रेक्षक पांगले, एकदा तर आगगाडी चुकल्यामुळे अख्खा संघ पिठाच्या गाडीत पोत्यांवर बसून सामन्याला गेला आणि पांढराफटक होऊन मैदानात उतरला. हरत होते, पण जात होते. चीफ ही माणसं अशी सांगत की ती गुहागरला त्यांच्या आळीत राहत असावीत. "चेंडू फेकणारा तो डावरा पिचर म्हणजे भारी तिरसट बरं का, पण मनाने चांगला."

"आणि शेवटच्या सामन्यात काय झालं?" आम्ही विचारायचो.

"जहाज सुटलं ना! सुटा भाग आला. मीच रात्रंदिवस खपून इंजिन चालू केलं, आणि माझ्याच हाताने माझी गोष्ट बुडवली. एक दिवस उशिरा केलं असतं तर काय बिघडत होतं?" असं म्हणून ते कपाळावर हात मारीत. ती रुखरुख त्यांना खरोखरच होती.

आता 'बॅट टाक' विषयी. क्रिकेटमध्ये फलंदाज बॅट घेऊन पळतो. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट तिथेच टाकायची आणि मोकळ्या हाताने पळत सुटायचं. एवढी साधी गोष्ट. पण गल्लीत, चाळीच्या बोळात, कॉलेजच्या मैदानावर वाढलेले आमचे हात ती ऐकायला तयार नव्हते. पहिल्याच सामन्यात देशपांडेने चेंडू झकास मारला. हा मनुष्य बँकेत जोखीम मोजण्याचं काम करायचा. तो बॅट घेऊन जिवाच्या आकांताने पळाला आणि पहिला बेस हातभर लांब असताना त्याने खाली वाकून बॅट टेकवली! वर मान करून 'बघा, पोचलो' अशा चेहऱ्याने उभा राहिला. प्रतिस्पर्ध्याने शांतपणे चेंडू घेतला, बेसवर पाय ठेवला आणि तो बाद. अंपायर होते लिम अंकल, निवृत्त शाळामास्तर. ते कमरेवर हात ठेवून बेसकडे बघत राहिले, मग वाक्यामागे 'लाह' जोडणाऱ्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "एह, व्हाय युअर बॅट रीच फर्स्ट? बॅट कॅनॉट, लाह. लेग मस्ट रीच."

त्या दिवसापासून चीफचा तो आवाज कामी लागला. कुणी चेंडू मारला रे मारला की मैदानाबाहेरून तोफ सुटे, "बॅट टाऽऽक!" सामन्यात तर सुटेच, पण रोज संध्याकाळी चीफ ब्लॉकखाली आम्हाला नुसतं छत्री हातात घेऊन पळायला लावत आणि छत्री टाकायला शिकवत. आंटींचं मराठी ते हेच. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात तसं बरेच दिवस चाललं. मग हळूहळू हात सुटू लागले. "धरून ठेवायला काय, कुणालाही येतं," चीफ म्हणत. "वेळेवर हातातून सोडणं, हे शिकायचंय."

दुसरी अडचण बेसवर उभं राहण्याची. मागच्याने चेंडू मारून तो पहिल्या बेसकडे यायला लागला की पहिल्यावरच्याला जागा सोडून दुसऱ्याकडे पळावंच लागतं. आमच्या डोक्यात मात्र 'धोका असेल तर पळू नये' हे क्रिकेटचं शहाणपण. एकाच बेसवर आम्ही दोघंदोघं, क्वचित गप्पा मारत, उभे राहायचो. नियम इंग्रजीतून वाचून दाखवले, कागदावर बाण काढून झाले. शेवटी चीफ म्हणाले, "अरे, शाळेत खो-खो खेळलात ना? पाठीवर थाप पडली, 'खो' म्हटलं की बसून राहता का? मग हा मागून येतोय तो तुला खो देतोय. उठ आणि सूट!" बस्स. त्या एका शब्दाने अख्ख्या संघाला सॉफ्टबॉल समजला. पुढे चेंडू मारणारा स्वतःच पळता पळता "खो!" ओरडायचा आणि पुढचा सुटायचा. फिलिपिनो मंडळींच्या संघाला आधी वाटलं की आम्ही त्यांना शिव्या देतोय. अर्थ कळल्यावर तेही "खो, खो!" करायला लागले.

एवढं सगळं होऊनही आम्ही हरतच होतो. थोड्या फरकाने, मोठ्या फरकाने, एकदा जिंकता जिंकता. मोसम अर्ध्यावर आल्यावर माणसांना रविवारी कामं आठवू लागली. नऊ जण जमले नाहीत तर सामना न खेळताच गेला, असा नियम होता. चीफनी स्कोअरबोर्डाकडे कधी पाहिलं नाही, पण नऊ डोकी मात्र ते कोंबडीने पिल्लं मोजावीत तशी मोजत. एका रविवारी देशपांडे सापडेना तेव्हा ते थेट पाया लेबारच्या मॉलमध्ये गेले. तो बायकोबरोबर पडद्याचं कापड बघत होता. चीफनी तिथेच हात जोडले, "ताई, हा माणूस दुपारपुरता द्या. वापरून परत आणतो." त्यांच्या त्या आवाजात ही विनंती ऐकून अख्खं दुकान वळून बघू लागलं, आणि देशपांडेच्या बायकोने तो लगेच देऊन टाकला.

मी एकदा न राहवून म्हटलं, "चीफ, तळाला तर आपण आहोतच. एखादा सामना सोडला तर काय फरक पडतो?"

ते चालता चालता थांबले. "अर्धवट राहिलेली व्हॉयेज फार वाईट असते, पुणेकर," ते म्हणाले, आणि बोटांवर पुढच्या रविवारची नऊ डोकी मोजू लागले.

मोसमाचा शेवटचा सामना आला. त्याच महिन्यात चीफचा नोकरीचा परवाना संपत होता आणि दोघं कायमचे गुहागरला निघाले होते. सामानाचे खोके बांधून झाले होते. आणि नेमका सुर्वे, आमच्यातला एकुलता एक खरा खेळाडू आणि चीफच्याच धंद्यातला, सकाळीच जहाजावर बोलावला गेला. उरलो आठ. चीफनी देशपांडेची जादा टोपी मागून घेतली, दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधला आणि नववे म्हणून मैदानात उतरले. त्यांना आम्ही सगळ्यात मागे, लांब उभं केलं, जिथे चेंडू सहसा जात नाही.

खेळ मात्र त्या दिवशी अटीतटीचा झाला. समोर एका जपानी कंपनीचा संघ होता. ती माणसं आपल्याकडे मंगलकार्याला जावं तशी नीटनेटकी खेळायला येत. शेवटच्या डावात ते एका धावेने पुढे असताना आभाळ भरून आलं आणि विजेचा इशारा देणारा भोंगा वाजला. तो वाजला की सिंगापुरात मैदान रिकामं करायचं, त्यात सूट नाही. सगळे कडेच्या शेडकडे धावले. मी मागे वळून पाहिलं तर चीफ एकटेच आपल्या जागी उभे. आमच्याकडे पाठ केलेली. मागच्या बाजूला गेलेला चेंडू उचलायला वळले होते बहुधा. भोंगा कानठळ्या बसवत होता आणि ते शांतपणे टोपी सारखी करत होते. मी हाका मारल्या. देशपांडेने मारल्या. मग मी भर मैदानातून पळत गेलो आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

ते दचकून वळले. माझं तोंड पाहिलं, रिकामं मैदान पाहिलं. "खो दिलास होय?" म्हणाले आणि हसत पळू लागले. मला मात्र हसता आलं नाही. तो डोंगराएवढा आवाज कशासाठी होता, ते मला त्या क्षणी कळलं.

शेडमध्ये काकूंनी माझ्या हातात थर्मासचं झाकण दिलं आणि चीफकडे न बघता हळूच सांगितलं. इंजिनांनी कान खाल्ले होते. शेवटच्या जहाजावर असताना तपासणीत ते निघालं आणि अर्ध्या सफरीत, परक्या बंदरात, त्यांना उतरवून दुसरा चीफ चढवला. "गँगवेच्या शिडीवरून बॅग घेऊन उतरले, आणि जहाज त्यांच्या डोळ्यांदेखत पुढे गेलं. त्यांनीच घडी बसवलेलं इंजिन होतं ते," काकू म्हणाल्या. "इथल्या नोकरीत आता-आतापर्यंत निभावलं. तुम्ही मुलं हरता त्याचं त्यांना काही नाही हो. ही एक सफर तरी शेवटाला जाऊ दे, एवढंच म्हणतात."

आणि नेमकं तेच होण्याची चिन्हं नव्हती. मैदानाची वेळ संपत आली होती. विजेचा इशारा तोवर मागे घेतला नाही तर सामना आहे तिथे थांबणार, असं लिम अंकलनी सांगितलं. जपानी संघाला जायला हरकत नव्हती. ते पुढेच होते. चीफ पावसाकडे बघत गुडघा चोळत बसले होते. मी त्या संघाच्या कप्तानाकडे गेलो आणि म्हटलं की आमच्या म्हाताऱ्याला हा सामना पुरा करायचाय. त्याने चीफकडे एकवार पाहिलं, बुटांचे बंद सोडायला घेतले होते ते पुन्हा बांधले आणि आपल्या माणसांना काहीतरी सांगितलं. ते सगळे परत बसले. लिम अंकल शाळेच्या रखवालदाराकडे जाऊन आले. "आय टॉक टू हिम ऑलरेडी," ते म्हणाले. "वेट, लाह." आम्ही सगळे ओल्या बाकांवर ओळीने बसून आभाळाकडे बघत होतो.

इशारा मागे घेतला गेला. खेळ सुरू झाला. शेवटी परिस्थिती अशी आली की आमचे दोन बाद, मी तिसऱ्या बेसवर, आणि मारायला चीफ. मी घरी पोचलो आणि चीफ पहिल्या बेसवर सुखरूप पोचले, तर बरोबरी. त्यांनी दोन चेंडू सोडले आणि तिसरा मारला. जोरात नाही, पण बरोबर फटीतून. मी सुटलो, घर गाठलं आणि वळून पाहिलं.

चीफ पळत होते. दुखऱ्या गुडघ्याने, टोपी उडालेली, चेहरा लालबुंद, आणि उजव्या हातात घट्ट धरलेली बॅट! "बॅट टाका! चीफ, बॅट टाका!" आम्ही सगळे बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. काकू ओरडत होत्या. फिलिपिनो संघातले बघायला थांबलेले लोक ओरडत होते. वर्षभर जे दोन शब्द त्यांनी आमच्या कानीकपाळी घातले, ते अख्खं मैदान त्यांना परत देत होतं, आणि ते ऐकू न येणारा तिथे एकच माणूस होता. बेस हातभर राहिला असताना चीफ वाकले आणि त्यांनी, गुहागरच्या खळ्यात लहानपणी टेकवली असेल तशी, सुरेख बॅट टेकवली. मग मान वर करून 'पोचलो' अशा चेहऱ्याने आमच्याकडे पाहिलं.

चेंडू आला. बाद. लिम अंकलनी हात वर केला, पण नेहमीसारखे ओरडले नाहीत.

चीफनी हातातल्या बॅटकडे पाहिलं. मग ते असे हसू लागले की पासिर रिसमध्ये आंटींना ऐकू गेलं असावं. हसता हसता बेसवरच बसले. मी हात द्यायला गेलो तेव्हा डोळे पुसत म्हणाले, "मला ऐकू आलं नाही रे." ही गोष्ट त्यांच्या तोंडून बाहेर पडलेली मी पहिल्यांदा ऐकली, आणि तीसुद्धा ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकली. जपानी कप्तान येऊन त्यांच्यापुढे कमरेत वाकला. एकेक करत त्याचे सगळे जण वाकले. चीफनी उठून प्रत्येकाशी हात मिळवला.

नंतर खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कोपीचे, म्हणजे तिथल्या कॉफीचे, पेले समोर असताना मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "चीफ, त्या वॉचमनच्या संघाचं शेवटी काय झालं असेल?"

"खेळले असतील," ते म्हणाले. "आपण नाही का खेळलो?" आणि ती जुनी रुखरुख त्यांच्या चेहऱ्यावर मला पुन्हा कधी दिसली नाही.

चांगी विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. काकू आत जायला वळल्या. चीफनी संघाची बॅग खांद्यावरून काढून माझ्या खांद्यावर अडकवली, एरवी कुणाला हात लावू देत नसत ती. मला वाटलं काहीतरी बोलतील. मी निरोपाचं वाक्य जुळवत होतो. त्यांनी माझ्या पाठीवर सणसणीत थाप मारली, "खो!" म्हणाले आणि मागे न बघता चालू लागले. रांगेतले लोक वळून बघत होते. मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

चीफ दोन वर्षांपूर्वी गेले. काकूंचा फोन आला तो रविवारी सकाळी. दुपारी सामना होता. कुणी विचारलं नाही की खेळायचं का. नऊच्या नऊ जण वेळेआधी आले.

त्या दिवशी समोर एक नवा संघ होता. त्यात नुकताच हैदराबादहून आलेला एक मुलगा होता, आमच्यातल्या कुणाच्या ओळखीचा नव्हता. त्याने पहिलाच चेंडू फाडकन मारला आणि आपल्याकडची सगळी पोरं पळतात तसा बॅट हातात घेऊन सुटला. एवढ्यात माझ्या पाठीमागून मोठा आवाज आला, "एह, बॅट टाक, लाह! बॅट टाक!"

लिम अंकल होते. चीफ गेल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. त्या पोराला मराठी कळत नव्हतं, पण आवाजाने दचकून त्याने बॅट टाकली आणि मोकळ्या हाताने पळत तो बेसवर पोचला.